जंतू औषधांना दाद देईनात, त्यात पाणीपुरीवाल्याचा दोष किती?

धायरीकर
आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव आला: गेटबाहेरच्या पाणीपुरी, भेळ आणि चायनीजच्या गाड्या हटवा, असं पत्र अतिक्रमण विभागाला द्यायचं. कारण काय, तर 'गाडीवरच्या खाण्यात औषधांना न जुमानणारे जंतू सापडतात.' मी विरोधात मत दिलं. का ते इथे लिहितो, कारण सभेत कुणी बोलू दिलं नाही.

जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियान-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढत गेले, आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू आणि नोरोव्हायरस, दोन्ही पोट बिघडवणारे, सापडले. शोध घेत मंडळी पोचली कुठे? पाण्यापाशी. २०२१ मध्ये महापालिकेत आलेली ही गावं. नांदेडच्या विहिरीतलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून घरोघर जात होतं. तेच पाणी गाडीवाल्याच्या पिंपात आणि तेच आपल्या माठात. तरी घराघरात पहिला फतवा निघाला तो 'बाहेरचं खाणं बंद'.

आता दाद न देण्याबद्दल. जंतूंना ही ताकद येते ती जिथे अँटिबायोटिक असतं तिथे. माणसाच्या आतड्यात, हॉस्पिटलच्या सांडपाण्यात, कोंबड्यांच्या शेडमध्ये. भेळेच्या गाडीवर अँटिबायोटिक कुठून येणार? दिल्लीत एनडीएम-१ या, जंतूला बऱ्याच अँटिबायोटिकांपासून वाचवणाऱ्या, जनुकासाठी तपासणी झाली आणि २०११ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा रस्त्यालगत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते सापडलं. नळाच्या! पत्र लिहायचंच तर पाणीपुरवठा विभागाला लिहा.

पेट्रीडिश
मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. धायरीकर, अर्धं बरोबर लिहिलंत आणि उरलेल्या अर्ध्यात गाडीवाल्याला फार स्वस्तात सोडलंत.

गाडीवर ताकद तयार होत नाही, मान्य. पण तिथे जंतूंची संख्या वाढते आणि वाटप होतं. बाधलेल्या पाण्यातून चटणीत गेलेला ई. कोलाय अनुकूल वातावरणात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. पाच तासांत पंधरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे बत्तीस हजारांवर. चिंच-लिंबाच्या आंबटपणाने हा वेग खूप मंदावतो, पण कमी जंतू म्हणजे सुरक्षित असंही नाही. शिगेलाला, म्हणजे रक्ताचे जुलाब करणाऱ्या जंतूला, माणूस आडवा करायला १० ते १०० पेशी पुरतात.

सभेतल्या मंडळींसाठी आणखी एक. 'रेझिस्टंट' म्हणजे औषधाला दाद न देणारा, कढईतही न मरणारा नव्हे. उकळत्या तेलात साधा जंतू मरतो तसाच रेझिस्टंटही मरतो. त्यामुळे गरम वडा सहसा निर्धोक. घोळ असतो तो नंतर हाताने लावलेल्या गोष्टींत: कच्चा कांदा, कोथिंबीर, हिरवी चटणी, पुरीचं पाणी, बर्फ, आणि ज्या बादलीत दिवसभर प्लेटा विसळतात ती बादली.

आणि हे जंतू तुम्हाला लगेच आजारी पाडतीलच असंही नाही. ते आतड्यात मुक्काम करतात. तिथल्या दुसऱ्या जंतूंना प्लास्मिडमधून, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यातून, आपली ताकद देऊन टाकतात. काही महिन्यांनी लघवीचा संसर्ग होतो, कल्चरच्या रिपोर्टवर एकामागून एक औषधापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, छापून येतो, आणि तेव्हा पाणीपुरी कुणालाच आठवत नाही.

पेठेतला
आम्ही शाळेत असल्यापासून गाडीवरची भेळ खातोय. काही झालं नाही. इम्युनिटी लागते भाऊ. आरओचं पाणी पिणारी पोरं झाली नाजूक.

पेट्रीडिश
@पेठेतला ज्यांना झालं ते 'काही झालं नाही' लिहायला येत नाहीत. आणि इम्युनिटी जंतूविरुद्ध असते. तो रेझिस्टंट आहे की नाही हे तिला कळत नाही, आणि आतड्यात गुपचूप बसलेल्याला ती हाकलत नाही.

खमंग
सरळ सांगतो, या परप्रांतीय गाड्या हटवल्या की निम्मा प्रश्न सुटेल.

धायरीकर
@खमंग जंतू डोमिसाईल बघत नाही. विषयावर बोला.

वडेवाल्याचा मुलगा
आमची गाडी आहे. हिंजवडीच्या बाजूला, एवढंच सांगतो. वाचून राग आला, पण लिहितो.

पेट्रीडिश मॅडम, बादलीचं बोललात. नळ दाखवा, बादली टाकून देतो. गाडी उभी असते तिथून पाण्याचं ठिकाण लांब, आणि पिंप एकदा भरलं की रात्रीपर्यंत तेच. वीस लिटरचे थंड जार घेतो, त्याचे पैसे देतो. त्या जारवर ना सील असतं ना भरल्याची तारीख. तो कोण तपासतं? तेच जार तुमच्या ऑफिसातही येतात.

अन्नसुरक्षेची नोंदणी आम्ही केली आहे. काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. सर्टिफिकेट लॅमिनेट करून काचेला लावलंय. ते बघायला कुणी आलं नाही, गाडी उचलायला मात्र येतात. गाडी उचलली की दंड, दंड भरेपर्यंत धंदा बंद, मग खर्च वाचवायचा कुठे? तेल जास्त दिवस चालवायचं, जार कमी घ्यायचे. हटवून स्वच्छता येत नाही, उलट असलेली जाते.

बर्फाचंही ऐका. कारखान्यांना लागणारा अखाद्य बर्फ निळा करा असा नियम २०१८ मध्ये आपल्या राज्यात आला. चांगला नियम. आता पांढरा बर्फ खाण्याचा म्हणून घेतो. तो कुठल्या पाण्याचा आहे हे मी गाडीवर उभं राहून कसं ओळखू?

पेट्रीडिश
तुमचा मुद्दा पाण्यापुरता शंभर टक्के पटला. पण नोटा घेतलेल्या हातानेच पुरी फोडणं, त्यालाही नळ नसल्याचं कारण? पैसे घ्यायला दुसरा माणूस किंवा क्यूआर कोड, चिमटा, झाकलेली चटणी. यातलं काहीही महापालिकेने द्यावं लागत नाही. आणि कृपा करून हातमोज्यांचं कौतुक नको. एकच मोजा दुपारपासून रात्रीपर्यंत घालून गल्ल्यातही हात घालायचा, त्यापेक्षा साबणाने धुतलेला उघडा हात बरा.

वडेवाल्याचा मुलगा
क्यूआर आहे. चिमटा गर्दीच्या वेळी होत नाही, खरं सांगतो.

गावठाण दवाखाना
इथे एक पात्र सुटलं: गोळी.

माझ्याकडे जुलाबाचा रुग्ण येतो तेव्हा त्याने मेडिकलमधून आधीच काहीतरी घेतलेलं असतं. बहुतेकदा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची जोडगोळी, दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. थोडं थांबलं की बंद. साधे पातळ जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतात, त्यांना ओआरएस लागतं, लहान मुलांना सोबत झिंक. अँटिबायोटिक लागतं ते शौचातून रक्त, जोराचा ताप, कॉलरा अशा मोजक्या वेळी. पण ओआरएस लिहून दिलं की रुग्णाला वाटतं डॉक्टरने काही दिलंच नाही.

टायफॉइडचं तर विचारू नका. एकदा विडाल टेस्ट करायची, आकडा थोडा वर दिसला की 'टायफॉइड निघाला'. एका विडालवर निदान धरवत नाही. ब्लड कल्चर पाहिजे, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. ते महाग, रिपोर्टला दोन-तीन दिवस, आणि रुग्णाला उद्या कामावर जायचंय. मग अंदाजाने सेफिक्झिम किंवा अझिथ्रोमायसिन. यातून काय होतं ते सिंधमधल्या हैदराबादने दाखवलं. २०१६ च्या अखेरीला तिथे टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की जुनी औषधं गेलेलीच होती, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे इंजेक्शनही गेलं. तोंडाने घ्यायचं एकटं अझिथ्रोमायसिन उरलं. तेच अझिथ्रोमायसिन आपण सर्दीला खातो.

कागदावर सगळं आहे. शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या आणि विक्रीची नोंद ठेवायच्या औषधांची यादी, २०१४ पासून लागू, पट्टीवर लाल रेघ, 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये'. तुमच्या सोसायटीच्या गेटशेजारी मेडिकल असेलच, धायरीकर. त्याला हटवायचा ठराव कुणी आणला का?

स्पष्टच सांगते
@गावठाण दवाखाना आणि चिठ्ठी कोण लिहितं? माझ्या मुलाला नाक वाहतंय म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहिलं होतं एका डॉक्टरांनी. केमिस्टवर ढकलणं सोपं आहे.

गावठाण दवाखाना
ढकलत नाही. आमच्यातले कितीतरी तसं लिहितात, रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाईल या भीतीने. ते चूकच. पण चिठ्ठीवर किमान कुणाचं तरी नाव असतं, जाब विचारता येतो. काउंटरवरून सुट्या दिलेल्या दोन गोळ्यांचा माग कसा काढणार?

आणि पाणी-गाडी-गोळी या भांडणात लस विसरली जाते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची कॉन्जुगेट लस मोहीम काढून लाखाहून जास्त मुलांना दिली. सार्वजनिक मोहिमेत ही लस देण्याचं ते जगातलं पहिलं उदाहरण. संसर्गच झाला नाही तर औषधाला दाद देतोय की नाही हा प्रश्न येत नाही. पुण्याने त्यावर काय केलं हे विचारा सभेत.

शेड नंबर चार
आता सगळे पोल्ट्रीवर येणार म्हणून आधीच लिहितो. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ मध्येच खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी आली. आमच्याकडे औषध दिल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकत नाही.

पेट्रीडिश
तुम्ही पाळत असाल तर उत्तमच. पण वर ज्या कॅम्पिलोबॅक्टरचा उल्लेख आला तो मुळात कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहणारा जंतू. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं ते याच जंतूत फ्लुरोक्विनोलोन या त्याच्याच गटातल्या अँटिबायोटिकांविरुद्ध ताकद वाढत चालली म्हणून. चायनीजच्या गाडीवर कच्चं चिकन आणि कोबी एकाच फळीवर कापतात, तिथे शेड आणि गाडी यांची गाठ पडते. हा दोष पाण्याचा नाही, धायरीकर.

धायरीकर
फळीचं मान्य. पण उपाय काय? २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, विक्रीच्या जागा ठरवून द्याव्यात. ठरलेल्या जागेवर एक नळ, एक मोरी आणि कचऱ्याचा डबा दिला की फळी धुता येते. सोसायटीचं पत्र हेच मागणारं हवं. 'हटवा' लिहिलं तर गाड्या पुढच्या गल्लीत जातील आणि आपलीच पोरं चालत तिथे जातील.

पेट्रीडिश
नळ येईपर्यंत दोन वर्षं जातील. तोवर? मी पत्रात लिहीन की नळ मिळेपर्यंत बादलीत विसळलेल्या प्लेटा बंद, कागदी द्रोण वापरा, कच्चं चिकन घरून कापून आणा, आणि दर महिन्याला पाण्याचा नमुना तपासा. नमुना नापास झाला तर त्या दिवशी गाडी बंद. यात दया-माया नको.

स्पष्टच सांगते
नमुना नापास झाला तर सोसायटीची टाकीही त्या दिवशी बंद ठेवणार का? पाणी एकच आहे म्हणताय ना सगळे.

पेट्रीडिश
ठेवावी. टाकीचे नमुने मी फुकट तपासून देते, पण मागतं कोण!

वडेवाल्याचा मुलगा
द्रोण चालतील, परवडतात. नळाचे पैसेही भरू, फुकट नको. फक्त पत्रात वेळ लिहा. तुमच्याकडे पाणी सकाळी येतं, आमचा धंदा संध्याकाळी पाच ते दहा. नळ दिला आणि पाणी सकाळीच सोडलं तर पिंप आणि बादली पुन्हा आहेच.