मालवणात टिकेल असा लॅपटॉप : गेम आणि फोटोंसाठी

प्रश्न : घर समुद्राला लागून आहे. गेम खेळायचे आहेत, फोटो ६०० जीबी आहेत. पाच-सहा वर्षं टिकेल असं काय घेऊ?

उत्तर : रॅम (चालू कामाची मेमरी) १६ जीबी, पण ती वाढवायला एक स्लॉट, म्हणजे खाच, मोकळा हवाच; सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डलाच कायमची जोडलेली रॅम पुढे वाढवता येत नाही. गेमसाठी ग्राफिक्सची (पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाची) मेमरी ८ जीबी बघा, तीही नंतर बदलत नाही.

उत्तर : खरा शत्रू खारी हवा! पंखा ती आत ओढतो, मीठ ओल धरतं आणि बोर्ड गंजतो. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवू नका, रोज तासभर चालवा; उबेने ओल सुकते. बॅगेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. सतत चार्जरवर असेल तर बॅटरी चार्ज होण्याची मर्यादा ८० टक्के करा.

उत्तर : फोटो २ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि दुसरी प्रत घाटावरच्या नातेवाइकांकडे.