मदत हवी आहे: जीपीएसच्या रिपोर्टवरून पगार कापतात, काय करू?

टेम्पो_म्हापसा
नमस्कार. जरा लवकर सांगा, शनिवारी शेटना भेटायचं आहे. मी टेम्पो चालवतो, दुकानांना माल पोचवतो. जीपीएसचं मशीन लावल्यापासून पगार कमी येतोय. सकाळी सातला गोदामावर हजर असतो, संध्याकाळी कॅश देऊन निघेपर्यंत साडेसात होतात. तरी रिपोर्टमध्ये माझे आठ तासही भरत नाहीत! सुपरवायझर म्हणतो, सिस्टम खोटं बोलत नाही. दिवाडी बेटाची लाईन असली, म्हणजे फेरीबोटीने माल न्यायचा दिवस असला, की सगळ्यात वाईट. हे कायद्यात बसतं का? मशीन चुकतंय हे दाखवायचं कसं?

साखळीकर
कुठलं मशीन? जीपीएस फोनवरच्या ॲपचं, की गाडीत बसवलेलं? गाडी कोणाची? पगार महिन्याचा की तासावर? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

घाटवाट
सोपा उपाय आहे. इंजिन बंदच करू नका. आमच्याकडे चोर्ल्याच्या लाईनीवर सगळे हेच करतात. इग्निशन (चावी) ऑन म्हणजे मशीनच्या लेखी ड्युटी चालू.

तीन_गाड्या
आणि डिझेल कोण भरणार? अशा सल्ल्यांमुळेच मालकांना मशीन लावावं लागतं. माझ्या तीन गाड्या आहेत. मशीन नव्हतं तेव्हा वेर्ण्याहून मडगावला जाऊन यायला अर्धा दिवस लागायचा. आता लागत नाही. प्रामाणिक ड्रायव्हरला त्याची भीती वाटायचं कारण नाही.

टेम्पो_म्हापसा
गाडीतलंच आहे, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी. गाडी शेटची. पगार महिन्याचा, पण आठ तास भरले नाहीत तर त्या मानाने कापतात. आणि इंजिन चालू कसं ठेवू? फेरीबोटीत चढलं की बंद करायला लावतात. दुकानापुढे माल उतरवायला तास लागतो, तेवढा वेळ गाडी घुरघुरत ठेवली तर दुकानदारच ओरडतो.
भीती कसली हो? मी काम केलंय आणि ते कुठे दिसत नाही, एवढंच म्हणतोय.

पिएदादकर
दिवाडीवर राहतो म्हणून सांगतो, हा माणूस खरं बोलतोय. सकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर चारचाकीची रांग लागली की एक-दोन बोटी तरी समोरून जातात. दुचाकीवाले मध्ये घुसतात ते वेगळंच.

मांडवीतीर
म्हणून तर म्हणतो, दिवाडीला पूल हवा. किती वर्षं नुसतं ऐकायचं?

पिएदादकर
पूल आम्हाला नको. पूल आला की त्यामागून काय काय येतं ते पर्वरीला जाऊन बघा. पण तो विषय इथे नको.

वायरिंगवाला
मी ही मशीनं बसवतो, म्हणून नीट सांगतो. मशीनला साधारण तीन वायरी असतात: बॅटरीचा कायमचा प्लस, अर्थ आणि इग्निशन. इग्निशनच्या वायरीत करंट आला की ऑन, गेला की ऑफ. मशीनला एवढंच कळतं. ड्रायव्हर खोके उतरवतोय, बिलावर सही घेतोय की झोपलाय, हे त्याला कळायचा मार्गच नाही. ऑफच्या वेळेला ‘विश्रांती’ हे नाव सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दिलेलं असतं. ते नाव बदलता येतं.
फेरीत तर आणखी गंमत होते: इग्निशन बंद आणि जागा मात्र सरकतेय. काही मशीनं त्यावर ‘गाडी टो होतेय’, म्हणजे कोणीतरी ओढून नेतंय, असा अलर्ट पाठवतात. तुमच्या शेटच्या फोनवर असे अलर्ट येत असतील तर तोच पुरावा.
वायर काढायच्या भानगडीत पडू नका. आत छोटी बॅटरी असते, पॉवर कटचा मेसेज लगेच जातो.
महिन्याचा रिपोर्ट नको, रोजची एकेक ओळ असलेली एक्सेल मागा. त्यात दोन वेळा असतात का बघा, मशीनची आणि सर्व्हरची (नोंद कंपनीकडे पोचल्याची).

स्विंडनचा_बार्देशकर
मी इकडे इंग्लंडमध्ये ट्रक चालवतो. साडेतीन टनांवरच्या गाड्यांना टॅकोग्राफ असतो, म्हणजे चालवण्याची आणि विश्रांतीची वेळ नोंदवणारं मशीन. गाडी थांबली की ड्रायव्हर बटणाने सांगतो, आता काय चाललंय: दुसरं काम असेल तर दोन हातोड्यांचं चिन्ह, विश्रांती असेल तर पलंगाचं. साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. आणि फेरीसाठी डिजिटल टॅकोमध्ये वेगळी नोंद आहे! माल उतरवताना पलंगाचं चिन्ह लावलं तर तो गुन्हा धरतात, कारण माणूस थकलेला असताना कागदावर ताजातवाना दिसतो.

साखळीकर
बाब, त्याला शनिवारी म्हापशात बोलायचं आहे, स्विंडनमध्ये नव्हे. तिकडचं बटण इकडे कुठून आणणार?

स्विंडनचा_बार्देशकर
बटण नाही, तत्त्व सांगतोय. थांबलेला वेळ कसला ते ड्रायव्हरला विचारायला हवं.

फोंडेकर
कायद्याचं सांगतो. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट 1961 मध्ये कामाचे तास म्हणजे काय ते लिहिलेलं होतं. गाडी रस्त्यावर असण्याचा वेळ तर आहेच, शिवाय माल चढवणं-उतरवणं, हिशेब, रोख भरणा, रजिस्टरवर सह्या हेसुद्धा काम. मध्ये गाडी थांबली तर तो वेळ वगळायला माणूस स्वतःच्या मर्जीने वेळ घालवायला मोकळा हवा. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती.

तीन_गाड्या
तो कायदा बसवाल्यांसाठी. आम्ही स्वतःचा माल नेतो.

फोंडेकर
नाही. भाड्याने माल नेणारे त्यात होते, तसे स्वतःचा माल नेणारेही होते. अट पाच किंवा जास्त कामगारांची होती. आता तो कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय, संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तेव्हा अर्जात नुसता 1961 लिहू नका, पणजीत पाटोला श्रम शक्ती भवनात कामगार आयुक्तालय आहे तिथे आधी विचारा.
टेम्पोवाले, तुमच्याकडे गाड्या आणि माणसं किती?

टेम्पो_म्हापसा
ड्रायव्हर आणि हेल्पर धरून पाचाच्या वर नक्की. एक्सेल मिळाली, ऑफिसातल्या मुलीने दिली. दिवाडीचा दिवस असा आहे:
10:42 इग्निशन ऑफ, जुने गोवे. 11:31 इग्निशन ऑन, दिवाडी. प्रकार: विश्रांती.
11:44 ऑफ, दिवाडी. 12:50 ऑन. प्रकार: विश्रांती.
दुसऱ्या ओळीत मी आणि हेल्परने सोड्याची सगळी खोकी उतरवली! पावतीवर दुकानदाराची सही आहे, त्याने वेळही लिहिली आहे. पहिल्यात रांगेत स्टिअरिंगवर होतो. रांग पुढे सरकली की हँडब्रेक सोडून गाडी ढकलायची, सोडून जाता येत नाही.
दोन वेळांचे कॉलम आहेत. वाळपईच्या दिवशी त्यात बराच फरक दिसतो.

वायरिंगवाला
मग तुमच्याकडे दोन दुखणी आहेत. रेंज नसली की मशीन नोंदी साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर एकदम पाठवतं. रिपोर्ट सर्व्हरच्या वेळेवर बनवला तर मधले तास गायब होतात. रिपोर्ट मशीनच्या वेळेवर काढायला सांगा, कंपनीवाल्याचं पाच मिनिटांचं काम आहे.

फोंडेकर
आणि तुम्ही सात ते साडेसात म्हणता, म्हणजे साडेबारा तास. 1961 च्या कायद्यात विश्रांती धरूनही दिवसाचा पसारा, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, 12 तासांपुढे नेता येत नव्हता. त्याच एक्सेलमधलं रोजचं पहिलं ऑन आणि शेवटचं ऑफ वेगळं काढून न्या, सोबत हजेरीच्या आणि कॅश भरल्याच्या नोंदी. शेटचं मशीनच तुमची साक्ष देतंय. उतरवण्याच्या वेळेवर वाद व्हायचं कारण नाही. फेरीच्या रांगेचं मात्र तुम्हाला पटवून द्यावं लागेल, तिथे जागा सोडता येत नाही हा मुद्दा धरा.

तीन_गाड्या
माझ्या व्हेंडरला (मशीनवाल्याला) आत्ताच फोन लावला. थांब्याचा प्रकार बदलता येतो म्हणे. ग्राहकाची दुकानं आणि फेरीचे धक्के नकाशावर आखून ठेवले की तिथला ऑफ ‘कामावर’ धरता येतो. मी माझ्याकडे करून घेतोय. तुमच्या शेटना हेच सांगा, भांडायची गरज पडणार नाही. पण झाडाखालचा ऑफ मी विश्रांतीच धरणार.

टेम्पो_म्हापसा
जेवणाचा अर्धा तास कापा, माझी तक्रार नाही. मनापासून आभार सगळ्यांचे. एकच राहिलं, आधीच्या महिन्यांचे कापलेले पैसे परत मिळतात का?

फोंडेकर
मागता येतात. जुन्या वेतन अदायगी कायद्यात दाव्याची मुदत 12 महिने होती, वेतन संहिता 2019 मध्ये 3 वर्षं आहे. आधी शेटना लेखी द्या आणि पोच घ्या. पगाराच्या स्लिपा आहेत ना? आणि ती एक्सेल आजच स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, या जीपीएसच्या कंपन्या जुना डेटा काही महिन्यांनी पुसतात.