माळावरच्या वेधशाळेला वर्गणी द्यायची का?

खानापूरकर
बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात एका गावात माळावर वेधशाळा बांधायची म्हणून वर्गणी सुरू झालीय. दहा इंची दुर्बीण, फिरता घुमट, खाली मुलांना बसायला खोली. पोरं पावतीपुस्तक घेऊन घरी आली होती. मी पैसे दिले नाहीत, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी शिकवायचो त्या शाळेत एक दुर्बीण होती. देणगीदाराचं नाव पितळी पट्टीवर कोरलेलं. भूगोलाचे सर होते तोवर शुक्ल पक्षात मुलं चंद्र बघायची. सर निवृत्त झाले, दुर्बीण कपाटात गेली. चार पावसाळ्यांनी कपाट उघडलं, तर आरशावर चुना उडाल्यासारखे पांढरे डाग आणि डोळा लावायच्या भिंगावर बुरशीची जाळी. खानापूरचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. दुर्बीण घ्यायला पैसे मिळाले होते, सांभाळायला कुणी दिले नव्हते.

आणि हे खेड्यातच होतं असं नाही. पुण्यात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली, मुंबई सरकारने भर घातली. २० इंची दुर्बीण, तेव्हा देशातली सगळ्यात मोठी. कावसजी नायगमवाला ती चालवत. ते निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद, दुर्बीण कोडाईकनालला रवाना. आधी चालवायचा खर्च दाखवा, मग पावती फाडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गल्लीतला
काय सर, पोरं आकाश बघू म्हणूलेत आन तुम्ही हिशोब मागूलाय?

निपाणीहून
सर, तुमच्या दुर्बिणीचं वाईट वाटलं. पण तुमच्या अटीवर बसलो तर काहीच उभं राहणार नाही. २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण आठवा. सकाळी साडेनऊच्या सुमाराला सूर्याची कोर उरली होती. आमच्या आळीत दारं लावलेली. मी अंगणात पिठाची चाळणी उन्हात धरली, तर फरशीवर शेकडो कोरी उमटल्या. ते बघून शेजारची दोन पोरं बाहेर आली, मग त्यांची आई आली. त्या दिवशी माझ्याकडे दुर्बीण असती तर?

हैदराबादची निजामिया वेधशाळा बघा. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पैशाने सुरू केली. ते गेल्यावर निजाम सरकारने ताब्यात घेतली, पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. आधी उभी होती म्हणून सरकारला सांभाळावी लागली. नुसत्या कागदावर असती तर कोण विचारत होतं?

टिळकवाडी
वर्गणीच का? आपणही कर भरतो. बेंगळुरूला आपली मराठी गावं दिसत नाहीत, मुंबई भाषणापुरती आठवण काढते. हिंगोलीत लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसाठी २६०० कोटी मंजूर होतात, मग आमच्या सह्याद्रीच्या पठारावर सरकारी वेधशाळा का नको?

चिकोडी
दादा, सीमाभागावरचा अन्याय मीही भोगलाय, पण इथे तो मुद्दा लागू पडत नाही. या वेधशाळा राज्यं चालवत नाहीत. पुणे जिल्ह्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या तीस अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या. पैसा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचा. लडाखमधलं हानले आणि तमिळनाडूतलं कावलूर ही दोन्ही बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची, त्यांना पैसा विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा. जागा ठरते ती आकाशावर. हानले ४५०० मीटरवर, कोरड्या हवेत. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग हटत नाहीत. कोट्यवधींचं यंत्र झाकून ठेवायला कुणी इथे आणणार नाही, आणि आणूही नये.

जवळ असण्याची तरी गरज कुठे आहे? हानलेची दोन मीटरची दुर्बीण उपग्रहामार्फत बेंगळुरूजवळच्या होसकोटेतून चालवतात. खोडदची दुर्बीण वापरायला वेळ हवा तर काय बघायचं, का बघायचं, किती तास लागतील हे लिहून प्रस्ताव पाठवायचा. समिती तो गुणावर तपासते. जगभरातून मागणी येते, ती उपलब्ध वेळेहून जास्त असते. तुमची भाषा किंवा जिल्हा तिथे कुणी विचारत नाही. बेळगावच्या पोरांना तो प्रस्ताव लिहिता येईल इतकं तयार करा, म्हणजे तीस अँटेना आपल्याही होतील.

माळावरच्या दुर्बिणीचं काम वेगळं आहे. तिच्यातून पोरानं पहिल्यांदा शनीची कडी बघायची. त्याला वर्गणीच लागते. मात्र खर्चाबाबत सर बरोबर आहेत. मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवरचा ॲल्युमिनियमचा थर वर्षा-दोन वर्षांनी नव्याने चढवावा लागतो. पोर्तो रिकोतली ३०५ मीटरची अरेसिबो ही रेडिओ दुर्बीण तर अमेरिकन सरकारच्या पैशावर चालायची. त्या पैशाला वर्षानुवर्षं कात्री लागत गेली, शेवटी केबल तुटल्या आणि १ डिसेंबर २०२० ला वरचा ९०० टनांचा सांगाडा खाली तबकडीवर कोसळला.

निपाणीहून
मग माणसं तयार करू. हानलेत गावातल्याच तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन आकाश दाखवायला शिकवलंय. पाहुणे त्यांच्याच घरी उतरतात. किल्ली एका सरांकडे न राहता चार घरांत राहिली, तर कपाटात जायची वेळ का येईल?

खानापूरकर
ताई, ही चार घरांची गोष्ट मला पटली. पोरांना उद्या परत बोलावतो. ती चार नावं, पावसाळ्यात दुर्बीण कुठे ठेवणार ती कोरडी जागा, आणि जमलेल्या पैशातला चौथा हिस्सा बँकेत मुदतठेव, एवढं पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून द्या म्हणतो. दिलं तर पहिली तीन वर्षं विजेचं बिल माझ्या पेन्शनीतून. चारांतलं एक नाव मुलीचं असावं, आमच्या शाळेत दुर्बिणीला हात लावायला मुलींची पाळी कधी आलीच नाही.