ड्युसेलडॉर्फची संध्याकाळ फुकट घालवू नका

जर्मनीत प्रदर्शनात स्टॉल लावायला जाणाऱ्यांना 'ड्युसेलडॉर्फला प्रदर्शनाच्या हॉलशिवाय काही नाही, त्यापेक्षा कोल्नचं कॅथेड्रल बघा' असं सांगितलं जातं. कॅथेड्रल बघाच, पण ड्युसेलडॉर्फबद्दलचं हे मत काही पटलं नाही. स्टॉल आवरला की मेस्सेहून (म्हणजे प्रदर्शनाच्या मैदानावरून) यू७८ ही मेट्रो पकडायची आणि हाइनरिश-हाइने-आले स्टेशनला उतरायचं. आल्टश्टाट, म्हणजे जुनं शहर, तिथून चालत अगदी जवळ.

तिथल्या जुन्या ब्रुअरीत आल्टबिअर (इथली गडद रंगाची बिअर) पुन्हा पुन्हा मागावी लागत नाही. छोटासा ग्लास रिकामा झाला की वेटर (त्याला क्योबेस म्हणतात, जरा फटकळच असतो, मनावर घेऊ नये) न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. बास झालं की तीच चकती ग्लासवर झाकायची, नाहीतर रेघा वाढत जातात. आणि तिथे कोल्श मागू नका बरं का, ती प्रतिस्पर्धी कोल्नची बिअर!

शाकाहारी मंडळींनी राइबेकुखन शोधावेत. किसलेल्या बटाट्याचे, कडेने कुरकुरीत तळलेले, सोबत सफरचंदाचा गर. अंडं चालत नसेल तर आधी विचारून घ्या. रामेन (जपानी नूडल्सचं सूप) खायचं तर इमरमानश्ट्रासं हा रस्ता गाठा, सगळी जपानी दुकानं तिथेच.

ऱ्हाइनकाठचा २४० मीटरचा टॉवर अंधारात बघा. त्याच्या खांबावरचे दिवे मोजून घड्याळ वाचता येतं. शेजारच्या स्टॉलवाल्याशी पैज लावायला उत्तम.