दान कर्त्याचं, काटकसर घरच्यांची

खडूस_कोल्हापूरकर
काल इथं एका काकांनी लिहिलं होतं की पगार झाला की पहिला दहावा हिस्सा देवाच्या डब्यात, उरलेल्यात घर. बावीस वर्षांत एक रुपया कर्ज नाही. श्रद्धा ठेवा, तो कमी पडू देत नाही. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला नाही जोडवले.

आमचे अण्णा हेच करायचे. सूतगिरणीतला पगार, घरात खाणारी सात तोंडं, पण गावच्या सप्त्यात एका दिवसाची पंगत आमच्या नावावर. दिंडीला तांदळाचं पोतं वेगळं. आदल्या रात्री आई शेजारून वाटीभर साखर आणायची, तीही मागच्या दाराने, कारण पुढच्या दारात 'देवमाणूस' बसलेला असायचा. सातवीत माझी सहल बुडाली ती त्याच आठवड्यात.

कर्ज आमच्यावरही नव्हतं. आईच्या पाटल्या होत्या ना. पाटल्या मोडल्या की त्याला कर्ज म्हणत नाहीत. दान अण्णांनी केलं, पैसे आईने भरले, आणि तिला कुणी विचारलं नाही. तेव्हा काका, डबा तुमचा असेल, पण वहिनींनाही एकदा लिहू द्या इथं.

माऊली_६८
तो काका मीच. तुमच्या घरचा राग माझ्यावर का काढताय? आमच्या डब्यातून देवळाच्या हुंडीत नारळापुरतेच जातात. बाकीच्यातून भावकीतल्या दोन पोरींची फी जाते. गाडगेबाबा आयुष्यभर हेच सांगत फिरले: कर्ज काढून लग्न-सण करू नका, ताट नसलं तर हातावर भाकरी घ्या पण पोरं शिकवा. आम्ही लग्नात बँड लावला नाही, हप्त्यावर गाडी घेतली नाही. ऐपतीत राहिलो म्हणून द्यायला उरलं.

खडूस_कोल्हापूरकर
वा, गाडगेबाबा आले! काटकसर पंगत घालणाऱ्यालाही लागू होते, एवढंच म्हणतोय.

माऊली_६८
आणि बाबांच्या नाशिक-पंढरपूरच्या धर्मशाळा कशावर उभ्या राहिल्या? लोकांच्या देणगीवरच ना?

एक्सेलवाला
दोघंही भावनिक. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग टर्म विमा, मग दान. क्रेडिट कार्डाची थकबाकी असताना दान करणारा माणूस वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याजाने पुण्य विकत घेतोय. आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला प्राप्तिकरात वजावट नाही. नव्या करप्रणालीत तर ती सवलतच नाही.

माऊली_६८
देवाकडे पावतीपुस्तक नसतं, साहेब.

जामीनदार_मास्तर
दानाचं काय घेऊन बसलात! दान दिलं की तिथंच संपतं. मी सही दिली. मेव्हण्याने पतसंस्थेतून पाच लाख उचलले, दूधधंद्यासाठी. म्हशी दोन वर्षांत विकल्या, हप्ते थांबले, तो फोन उचलेना. मला शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर वसुलीचं पत्र. आता दर महिन्याला माझ्या पगारातून कपात. त्याच्या दारात नवी बुलेट उभी आहे.

एक्सेलवाला
सही करताना कागद वाचला नाहीत का? जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, १८७२ च्या करार कायद्यात स्पष्ट आहे. संस्था आधी त्याच्या मागे लागेलच असं नाही.

जामीनदार_मास्तर
तुम्ही कधी खेड्यात राहिलात का हो? भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि तिचा नवरा तिथंच पेन पुढं करतो. तेव्हा १८७२ चा कायदा काढून वाचत बसू?

एक्सेलवाला
मग भोगा.

बचतगटवाली
अहो, जीभ आवरा जरा. आमच्या गटात आम्ही दहाजणी एकमेकींच्या जामीनच असतो. महिन्याला शंभर-शंभर जमवतो आणि कुणाला किती द्यायचं ते सगळ्यांसमोर ठरतं. मास्तर, तुमची सही ओवाळणीत गेली, तुमच्या बायकोला त्या दिवशी विचारलं होतं का?

जामीनदार_मास्तर
ताई, तो विषय आज नको.

खडूस_कोल्हापूरकर
बघा, शेवटी आईच्या पाटल्यांवरच आलात सगळे.

बारावी_पास
मी इथं सहसा लिहीत नाही. माझी बारावीची फी आमच्या आळीतल्या अशाच एका 'देवमाणसा'ने भरली. त्यांचं घरी शिंपीकाम, पाच मुलं. आज मी नर्स आहे. त्यांच्या घरात त्या महिन्यात काय शिजलं असेल हा विचार आज पहिल्यांदा मनात आला, आणि खडूसदादा, तो तुम्ही आणून दिलात म्हणून मला तुमचा थोडा रागच आला.

खडूस_कोल्हापूरकर
यावर काय बोलू. अण्णांनीही कुणाची तरी फी भरली असेल. आम्हाला पंगतच दिसली.

माऊली_६८
आणि खुलासा. आमचा डबा सुरुवातीपासून बायकोच्या ताब्यात आहे. किल्ली तिच्याकडे, हिशेबाची वही तिची. करोनाच्या वर्षी तिने आठ महिने डब्यात काहीच टाकलं नाही, मला उशिरा कळलं.

खडूस_कोल्हापूरकर
हे मूळ लेखात लिहिलं असतं तर मी धागाच काढला नसता! मग तुमचं काय चुकलं? काही नाही. फक्त श्रेय देवाला गेलं, वहिनींना जायला हवं होतं.

माऊली_६८
तिला वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, त्यांच्या आईला नमस्कार सांगा.

जामीनदार_मास्तर
तुमचं मिटलं असेल तर कुणी सांगा, त्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर अपील कुठं करायचं?

एक्सेलवाला
अपील नाही, पुनरीक्षण. सहकार कायद्याचं कलम १५४. पण त्यासाठी आधी वसुलीच्या रकमेचे निम्मे पैसे भरावे लागतात.

जामीनदार_मास्तर
निम्मे असते तर इथं कशाला आलो असतो?