गुरुवारी पर्सनल ट्रेनरचा इंटरव्ह्यू आहे, नक्की काय विचारतात?

लाल_माती
नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, सातवीपासून तालमीत, कुस्ती जिल्ह्यापर्यंत खेळलोय, मग गुडघा गेला आणि सगळंच थांबलं. आता वय 24. गेल्या वर्षी पुण्यात येऊन सहा महिन्यांचा ट्रेनरचा कोर्स केला, सर्टिफिकेट हातात आहे, सीपीआरचं पण आहे. येत्या गुरुवारी बाणेरच्या एका मोठ्या जिममध्ये इंटरव्ह्यू आहे. फोनवर एवढंच म्हणाले की आधी बोलणं होईल आणि मग फ्लोअरवर डेमो. डेमो म्हणजे काय करायला लावतात? मी सध्या ॲनाटॉमीचा रट्टा मारतोय, कुठला मसल कुठून निघतो कुठं जोडतो ते सगळं, पण रात्री पाठ केलेलं सकाळी उडून जातंय. खरं टेन्शन मात्र दोनच गोष्टींचं. एक इंग्लिश. दुसरं म्हणजे गुडघ्याच्या भानगडीनंतर पोट सुटलंय थोडं, ॲब्स वगैरे काही नाहीत, रूममेट म्हणतो तू ट्रेनर वाटतच नाहीस. आणि तालमीचं सांगू का नको? गावठी वाटेल का?

पहाटे_पाच
भावा, तो रट्टा आधी बंद कर. नऊ वर्षं फ्लोअरवर आहे, त्यातली चार वर्षं मीच इंटरव्ह्यू घेतो, एकालाही ओरिजिन-इन्सर्शन विचारलेलं आठवत नाही. फार तर स्क्वॉटला, म्हणजे आपल्या बैठकीला, कुठले मसल काम करतात एवढं विचारतील, ते तुला झोपेतून उठवलं तरी येईल.

डेमो कसा असतो सांगतो. मी स्वतः क्लायंट बनतो. सांगतो की मी 52 वर्षांचा, बँकेत काम करतो, बीपीची गोळी चालू आहे, आज पहिला दिवस, मला स्क्वॉट शिकव, दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे. बहुतेक पोरं काय करतात, सरळ रॅककडे नेतात आणि मोकळा बार खांद्यावर ठेवतात. अरे मोकळा बार 20 किलोचा असतो! ज्या माणसाने पंधरा वर्षांत जिना सोडून काही चढलेलं नाही त्याच्या मानेवर पहिल्याच दिवशी 20 किलो?

मला काय बघायचं असतं, तर हा पोरगा आधी विचारतो का. पार-क्यूचा फॉर्म, म्हणजे व्यायामाआधी तब्येत विचारायचा, कोर्समध्ये शिकवलाच असेल, सात प्रश्न असतात, छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडा-सांध्याचा काही त्रास, बीपी किंवा हृदयाची औषधं वगैरे. एकाला जरी हो आलं तरी डॉक्टरांना विचारून या म्हणायचं, आणि हे न घाबरवता म्हणता आलं पाहिजे. मी तेव्हा मुद्दाम म्हणतो, डॉक्टर हो म्हणालेत, चिठ्ठी आणलीय, चला पुढे. मग बेंचवर बसून उठायला लाव. एका वेळी एकच सूचना दे. पोरं एका दमात टाचा दाबा छाती वर कोअर टाइट गुडघे बाहेर श्वास घ्या असं सगळं ओततात, समोरचा बिचारा गोंधळून उभाच. बीपीवाला असेल तर श्वास कोंडू द्यायचा नाही, उठताना सोडायला सांगायचा, हे सांगणारा पोरगा माझ्याकडे निम्मा सिलेक्ट झालेला असतो.

अजून एक खोच सांगतो, ही मी हमखास विचारतो. या क्लायंटचा हार्ट रेट किती ठेवशील? सगळे 220 वजा वय करून 168 काढतात आणि त्याचे टक्के सांगतात. पण बीपीच्या काही गोळ्या बीटा ब्लॉकर असतात, त्या ठोकेच वाढू देत नाहीत, मग तुझं गणित गेलं कामातून. अशा वेळी 1 ते 10 मध्ये किती दमलात ते विचार, किंवा व्यायाम करता करता एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का बघ.

डंबेल_मावशी
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी बायकांच्या बाजूने थोडं घालते. डेमोला समोर बाई उभी असेल तर हात लावून पोझिशन सुधारायच्या आधी विचारायचं, "खांद्याला हात लावून दाखवू का?" नाही म्हणाली तर स्वतः करून दाखवायचं किंवा आरशात दाखवायचं. साधी गोष्ट आहे पण आमच्याकडे एक चांगला हुशार मुलगा फक्त यावरून गेला.

इंग्लिशचं काय घेऊन बसलास रे बाळा. बाणेरला आयटीवाले येतात हे खरंय पण साठीच्या आज्या पण येतात ज्यांना डॉक्टरांनी पाठवलेलं असतं, त्यांच्याशी ग्लूट्स ग्लूट्स करशील का? आज रात्री आईला फोन लाव आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन कसं उचलायचं ते, फोनवर शब्दांत समजावून सांग. तिला कळलं तर कुणालाही कळेल. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला पहिलं वाक्य मराठीत किंवा हिंदीत बोललं तर चालेल का असं सरळ विचार, तोंडात मारून मुटकून इंग्लिश आणलंस की अडखळतोस आणि येत असलेलं पण जातं.

आणि डाएटचा प्रश्न येणारच. शुगरचा पेशंट आहे, इन्सुलिन घेतो, डाएट प्लॅन दे, असं म्हणतील. हा सापळा आहे. प्लॅन लिहून द्यायला बसू नकोस. तुझं काम एवढंच की जेवून आलात का, इन्सुलिन कधी घेतलं ते विचारायचं, जवळ ग्लुकोज किंवा साखर ठेवायची, हात थरथरले, घाम फुटला तर व्यायाम थांबवायचा. आहार डॉक्टर आणि डायटिशियन बघतील. साध्या धडधाकट माणसाला प्रोटीनबद्दल बोललास तर हरकत नाही, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम एवढं तरी तोंडपाठ असू दे, शाकाहारी क्लायंट वाटीभर वरणात सगळं भागतं असं समजत असतात.

कट्ट्यावरचा
सगळे गोड गोड बोलतायत म्हणून मी कडू बोलतो. बॉडी बघतात. मी दोन ठिकाणी रिजेक्ट झालो, दोन्हीकडे कारण सांगितलं नाही पण ज्याला घेतला त्याचे दंड माझ्या मांडीएवढे होते. चार दिवसांत पोट जाणार नाही हे मान्य, पण पोलो टी-शर्ट नीट मापाचा घाल, धुतलेले बूट (जिममधले, रस्त्यावरचे नको), नखं काप, दाढी नीट कर. उग्र सेंट मारून जाऊ नको, क्लायंटच्या तोंडाजवळ उभं राहायचं असतं दिवसभर.

पहाटे_पाच
@कट्ट्यावरचा काही जिममध्ये बघतात, खोटं नाही. पण मोठ्या जिमला क्लायंट टिकवणारा लागतो, दंडवाला पोरगा तीन महिन्यांत दुसरीकडे पळतो.

@लाल_माती तालमीचं राहिलंच. जरूर सांग. गावठी कसलं? जोर मारतोस त्याला इथे हिंदू पुश-अप म्हणून पैसे घेऊन शिकवतात, मुद्गल फिरवायला तर परदेशात लोक क्लास लावतात. कुस्तीत पवित्रा घेऊन उभा राहतोस ना, गुडघे हलके वाकलेले, ढुंगण मागे, पाठ सरळ, तीच हिप हिंज, लोकांना ती शिकवायला आम्हाला आठवडे लागतात आणि तुझ्या अंगात ती आहे. फक्त "आम्ही रोज हजार बैठका मारायचो" हे वाक्य बोलू नको. ते ऐकलं की मला वाटतं हा माझ्या 52 वर्षांच्या बँकवाल्याला पण हजार मारायला लावणार. त्यापेक्षा गुडघा कसा गेला, मग परत कसा हळूहळू उभा राहिलास ते सांग. गुडघेदुखीचे क्लायंट रांगेने येतात.

हिशोबाची_वही
कुणी पैशाचं बोललंच नाही म्हणून मी. माझ्या पहिल्या जिममध्ये 14 हजार पगार आणि पीटीवर (पर्सनल ट्रेनिंगच्या फीवर) 40 टक्के सांगितले होते. मला वाटलं वा. मग कळलं की क्लायंट स्वतः आणला तरच 40, जिमने दिलेला असेल तर 25, आणि तेही जीएसटी कापून उरलेल्या रकमेवर. म्हणजे 8000 च्या पॅकेजवर मी 3200 धरून चाललो होतो, हातात पडले दोन हजाराच्या आत. तर हे सगळं आधी विचार, कागदावर घे. क्लायंट मधेच सोडून गेला तर तुझे पैसे कापणार का तेही विचार.

शिफ्ट बहुतेक तुटक असते, पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि परत संध्याकाळी पाच ते साडेनऊ. दुपारी खोलीवर जाऊन झोपता येईल एवढ्या अंतरावर राहा, मी हडपसरहून जायचो, मेलो. ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा म्हणाले तर देऊ नको, झेरॉक्स दे. माझं सोडवायला दोन महिने गेले.

आणि सेल्सचा रोलप्ले असतो. "महाग आहे, युट्यूबवर बघून करीन" असं म्हणतील. भांडायचं नाही. विचारायचं की आधी युट्यूबवर बघून कधी केलं होतं, कुठे सोडलं. पुढचं तोच बोलतो.

लाल_माती
झाला इंटरव्ह्यू! सगळ्यांचे लई आभार. आईला डेडलिफ्ट सांगितली, ती म्हणाली अरे मग कळशी अशीच उचलतात की. तेच वाक्य तिथं वापरलं, सर हसले. डेमोला क्लायंट गुडघेदुखीवालाच निघाला, चाळिशीचा, मी सातही प्रश्न विचारले पण त्याचं नावच विचारलं नाही, पाच मिनिटांनी लक्षात आलं तेव्हा घाम फुटला. सर म्हणाले पहिला प्रश्न तोच असतो. मग सरांनी विचारलं, क्लायंट म्हणाला मित्र कटिंगसाठी, म्हणजे चरबी उतरवायला, क्लेनब्युटेरॉल नावाचं औषध घेतो, मलाही आणून दे, तर? मी म्हणालो आणून देणार नाही आणि वर सांगणार. त्यावर काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं.

सोमवारपासून तीन दिवस ट्रायलला बोलावलंय, सकाळची शिफ्ट. ट्रायलचे पैसे देतात का? विचारायला लाज वाटली.

हिशोबाची_वही
लाज कसली, आत्ताच मेसेज टाक. देत नसतील तर तीन दिवसांच्या वर एक दिवस थांबू नको.

डंबेल_मावशी
आणि सोमवारी पहिल्यांदा सगळ्यांची नावं विचार!