'डारमॉक'मधील गिल्गामेश : पिकार्डने हीच कथा का निवडली असावी?

प्रश्न

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या पाचव्या पर्वातील 'डारमॉक' (१९९१) हा भाग पुन्हा पाहिला. त्यातील परग्रहवासी टमेरियन लोक केवळ आपल्या कथांच्या दाखल्यांतून बोलतात. 'डारमॉक आणि जलाड, टनाग्रा येथे' एवढ्यावरून ऐकणाऱ्याने दोन परके वीर, त्यांचा समान शत्रू आणि लढताना जुळलेली मैत्री असा सगळा प्रसंग ओळखायचा असतो. इथपर्यंत मला कळते. शंका अंतराळयानाचा कप्तान पिकार्ड याच्या निवडीविषयी आहे. एका हिंस्र प्राण्याशी झुंजताना जखमी झालेल्या टमेरियन कप्तान डेथनला पृथ्वीवरची एखादी कथा ऐकवायची वेळ येते, तेव्हा शेक्सपिअरचा एवढा चाहता असलेला हा कप्तान थेट मेसोपोटेमियातील प्राचीन महाकाव्याचा नायक गिल्गामेश याच्याकडे का वळतो? आणि शेवटी तो ग्रीक कवी होमरच्या नावावरील स्तोत्रे का वाचत बसलेला दिसतो?

पहिला प्रतिसाद

कथेचा सांगाडा जुळतो हे उघड कारण आहेच: गिल्गामेश आणि रानातला एन्किडू आधी एकमेकांशी झुंजतात, मग मित्र होतात आणि एका अक्राळविक्राळ प्राण्याला मिळून सामोरे जातात. मला मात्र पिकार्डने मूळ महाकाव्यात केलेली काटछाट अधिक बोलकी वाटते. देवदार वनाचा रक्षक हुम्बाबा तो पूर्णपणे वगळतो. स्वर्गीय बैल मूळ काव्यात इश्तार देवीच्या अपमानामुळे उरुक नगरीवर सोडला जातो. पिकार्डच्या कथनात तो वाळवंटात माणसे मारत फिरतो आणि दोघे मित्र त्याच्या शोधात निघतात. एन्किडूने शेपूट धरायची आणि गिल्गामेशने वार करायचा, हा तपशील तेवढा तो जसाच्या तसा ठेवतो.

सर्वांत मोठा बदल मृत्यूच्या प्रसंगात आहे. महाकाव्यातील एन्किडू देवांच्या निर्णयामुळे आजारी पडतो, बारा दिवस अंथरुणावर खंगतो आणि आपल्याला रणांगणावरचे मरण लाभले नाही याचे त्याला दुःख होते. पिकार्ड मात्र बैलावरील विजयापाठोपाठ लगेच त्याला जमिनीवर कोसळवतो. समोर झुंजीत घायाळ झालेला डेथन पडलेला असताना, ज्या मरणासाठी मूळचा एन्किडू झुरला ते मरण पिकार्ड त्याला कथेतून बहाल करतो, असे मी या दृश्याचे वाचन करतो. शेक्सपिअरच्या नाटकात ही सोय नव्हती. शिवाय पिकार्डची वाक्यरचनाही पाहा: 'गिल्गामेश, एक राजा. गिल्गामेश, एक राजा, उरुक येथे.' नाव आणि स्थळ, म्हणजे नेमका टमेरियन साचा.

दुसरा प्रतिसाद

शेक्सपिअर या भागातून गैरहजर नाही, एवढी पुस्ती जोडतो. सज्जात उभ्या असलेल्या ज्युलिएटचे उदाहरण यानावरील समुपदेशक ट्रॉय देते आणि ज्युलिएट कोण हे ठाऊक नसेल तर त्या चित्राला काहीच अर्थ उरत नाही, हा मुद्दा तिथेच मांडला जातो. आणखी एक योगायोग म्हणजे, डेथनची भूमिका करणारे पॉल विनफिल्ड 'स्टार ट्रेक'च्याच १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटातही होते आणि तो चित्रपट तर 'मोबी डिक' या कादंबरीच्या संदर्भांनी भरलेला आहे.

टनाग्रा नावाचे प्राचीन नगर ग्रीसमधील बिओशियात खरोखरच होते आणि इ. स. पू. ४५७ मध्ये तिथे अथेन्स व स्पार्टा यांची लढाई झाली. तरीही त्यावरून फार अर्थ काढू नये असे माझे मत आहे, कारण मालिकेतील टनाग्रा हे शांतिल-३ या ग्रहावरील एक बेट-खंड आहे, हे यानावरील यंत्रमानव अधिकारी डेटा याच्या शोधातून स्पष्ट होते.

तिसरा प्रतिसाद

स्तोत्रांविषयी लिहितो, कारण तो प्रश्न मागे पडला आहे. ही तेहतीस स्तोत्रे परंपरेने होमरच्या नावावर असली तरी वेगवेगळ्या कवींची आहेत आणि त्यांतील बरीचशी अगदी छोटी आहेत. त्यांत देवतेला तिच्या बिरुदाने आणि स्थळाने हाक मारलेली असते. अपोलोच्या स्तोत्रात डेलोस बेटावरचा जन्म येतो, मग डेल्फीचे मंदिर येते. ऐकणाऱ्याला कथा आधीपासून माहीत आहे हे गृहीत धरूनच अशी हाक मारता येते. 'इलियड' हातात असते तर ते युद्धाचे काव्य झाले असते, आणि दोन समाजांत नुकताच संवाद सुरू झालेला असताना ती निवड विसंगत वाटली असती. पिकार्ड आपला उपकप्तान रायकर याला सांगतो की आपल्या पुराणकथांची ओळख वाढली तर टमेरियनांच्या कथांशी नाते जोडणे सोपे जाईल. गिल्गामेश त्याने आठवणीतून, जमेल तसा सांगितला होता. पुढच्या भेटीत तेवढ्यावर भागणार नाही हे ओळखून तो आता मुळापासून अभ्यासाला लागला आहे.